फुटाला एक सूत

ईश्वरा सुतारांनी मापं फोनवर सांगितली.
त्या आठवड्यात शिरोलीला हायवेवर पाणी,
मी सांगलीत अडकलेले,
आणि मन्सूर मुजावर वर्कशॉपात रिकामा बसलेला,
दिवसातून दोनदा विचारायचा,
मॅडम, प्लाय कापू का?

हॉलची पश्चिमेची भिंत?
बारा फूट. बरोब्बर बारा.
खात्री आहे?
पलीकडून क्षणभर नुसता पत्र्यावरचा पाऊस.
मग म्हणाले, चाळीस वर्षं मापावरच भाकरी खाल्ली, मॅडम.

खरंच होतं ते.
उद्यमनगरात त्यांनी लाकडाचे पंप केले,
लाकडाची गिअरं, लाकडाची व्हॉल्व्हची घरं,
वाळूत ठसा ठेवून माघारी फिरणारी.
त्या ठशात बीड ओतलं जायचं.
त्यांच्या हातचं लाकूड
कुणाच्या घरात कधी राहायला गेलं नाही.

माझ्या ड्रॉइंगमध्ये कोव्ह लाइट होता,
टीव्हीमागं फ्लूटेड पॅनल,
आणि भिंतभर कपाट, बिनहँडलचं,
धुक्याचं नाव दिलेल्या राखाडी रंगात.
लेकीनं हिंजवडीतून सगळं मंजूर केलेलं,
हप्ते तिचेच.
सुलाबाईंनी चष्मा लावून थ्री-डी व्ह्यू पाहिला,
सोफ्यावर मी बसवलेली परकी बाई पाहिली,
तिच्या हातातला मग पाहिला,
आणि एवढंच विचारलं,
ह्यात केरसुणी कुटं हाय?

युटिलिटीत ठेवता येईल, मी म्हणाले.
लक्ष्मी हाय ती. मोरीच्या तोंडाला ठेवू?
मी वहीत लिहिलं, झाडू, बघू.
आणि पान उलटलं.

पाणी ओसरलं. कपाट आलं, चढलं, उभं राहिलं.
उजव्या हाताला फट.
वरपासून खालपर्यंत सारखी,
जणू कुणी मुद्दाम आखलेली.
मन्सूरनं टेप ताणला, माझ्यासमोर धरला,
बोलला काहीच नाही.
बारा फूट दीड इंच.

ईश्वरा सुतार आत गेले,
कापडी पिशवीतून पितळी टोकांची पट्टी घेऊन आले,
टेपाशेजारी ठेवली.
तिचा फूट आमच्या फुटाहून सूतभर मोठा.

बीड निवताना आकसतंय, ते म्हणाले,
जेवढं आकसणार तेवढं लाकडाला आधीच द्यायचं.
फुटाला एक सूत.
ही पट्टी घरात आणायची नव्हती.
हाताला दुसरी ठावंच न्हाई.
कान लाल झाले होते त्यांचे.
नुकसानीचं माझ्याकडनं धरा, म्हणाले.

बारा सूत, दीड इंच. हिशेब चोख होता.
मी आजवर आखली ती घरं
त्या त्या दिवशीच्या मापानं.
सहा जणांना सहा खुर्च्या दिल्या.
दोन वर्षांनी गेले तर
चार खुर्च्यांवर वाळलेले कपडे.
आकसण्याचं कुणी मला शिकवलंच नव्हतं.

फिलर मारतो, मन्सूर म्हणाला, धा मिनिटांचं काम.
पट्टी कापूनही झाली त्याची.
तोवर सुलाबाई आतून आल्या,
पदर खोचलेला, हातात केरसुणी.
उभी धरली, चपटी बाजू भिंतीला लावली,
आणि सरकवली.
गेली. मूठ तेवढी हाताला लागेल अशी बाहेर.
दोन पावलं मागं येऊन त्यांनी डोळे बारीक केले,
मी फोटो काढण्याआधी करते तसे.
दिसत न्हाई, म्हणाल्या. आणि हाय.

ईश्वरा सुतारांनी पट्टी पिशवीत घातली,
पिशवीचे बंद दोनदा बांधले.
मन्सूरला भुसा गोळा करायचा होता.
त्यानं केरसुणी मागितली,
आणि सुलाबाईंनी ती पहिल्यांदा
तिच्या जागेवरून काढून दिली.

फिलरची ती पट्टी अजून माझ्या गाडीत आहे,
मागच्या काचेपासून डॅशबोर्डापर्यंत तिरकी.
राजारामपुरीत प्रत्येक गतिरोधकावर वाजते.
टाकायची राहून जाते.